ललिताबाईंचा डावा डोळा

आमच्या सल्ला केंद्रात टेबलापलीकडे बसलेली मुलगी सासूबद्दल सांगायला लागली की थोड्याच वेळात एक नाव निघतं. ‘‘ताई, काय सांगू तुम्हाला, घरात ललिता पवार आहे.’’ एवढं म्हटलं की तिला वाटतं, सगळं सांगून झालं. मलाही सगळं कळल्यासारखं होतं. या मुली पंचविशीच्या आतबाहेरच्या. ललिता पवार २४ फेब्रुवारी १९९८ रोजी पुण्यात, औंधला वारल्या. म्हणजे यांच्यातल्या बऱ्याच जणींचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता. थेटरात जाऊन त्यांचा एकही सिनेमा यांनी पाहिलेला नाही. २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखवलं तेव्हा मंथरा पाहिली असेल, तेवढीच. तरी नाव जिभेवर आहे.

मैत्रिणींनो, मारकुट्या नवऱ्याला कुणी ‘आमच्या घरात प्राण आहे’ असं म्हटलेलं तुम्ही ऐकलंय? मी नाही ऐकलं. सिनेमातल्या खलनायकांची नावं सिनेमातच राहिली. एका चरित्र अभिनेत्रीचं नाव मात्र आपण उचललं आणि घरातल्या एका नात्याला चिकटवून दिलं. हे का झालं असावं, याचा विचार करताना मी ललिताबाईंचे जुने चित्रपट पुन्हा पाहत गेले आणि वेगळीच बाई दिसू लागली.

मूळ नाव अंबा सगुण. जन्म १९१६, नाशिक जिल्ह्यातलं येवलं. मूकपटांच्या काळात लहान वयातच कॅमेऱ्यापुढे उभ्या राहिल्या. १९३२ च्या ‘कैलाश’ या मूकपटात काम तर केलंच, निर्मितीतही वाटा उचलला. वय सोळा! आज आपण ‘महिला निर्माती’ म्हणून कुणाची मुलाखत छापतो तेव्हा जणू ही कालपरवाची गोष्ट असल्यासारखं लिहितो. पुढे ‘दुनिया क्या है’ (१९३७) हा बोलपटही त्यांनी काढला. नायिकेच्या भूमिका करत होत्या, गात होत्या. या तरुण ललिताबाईंचे फोटो पाहिले तर ओळखू येत नाहीत.

१९४२ साली ‘जंग-ए-आझादी’ या चित्रपटाचं चित्रीकरण चाललं होतं. एका प्रसंगात मास्टर भगवान यांनी त्यांना थोबाडीत द्यायची होती. ती इतक्या जोरात बसली की चेहऱ्याला पक्षाघात झाला, डाव्या डोळ्याची शीर फुटली. तीनेक वर्षं उपचार चालले. चेहरा सुधारला, डोळा मात्र कायमचा बारीक राहिला. अपघात झाला तेव्हा त्या सव्वीस वर्षांच्या होत्या. नायिकेची कामं तिथेच संपली.

ही हकिगत तुम्ही कुठेतरी वाचलेली असेल. सिनेमाच्या पानांवर ती नेहमी एकाच पद्धतीने सांगितली जाते: दुर्दैवाने घाला घातला, पण त्यातूनच एक थोर चरित्र अभिनेत्री आपल्याला मिळाली. म्हणजे झालं ते बरंच झालं! मला हे सांगणं पटत नाही. हा कामाच्या ठिकाणी झालेला अपघात होता. कामगार नुकसानभरपाई कायदा १९२३ सालचा आहे. गिरणीत कामगाराचं बोट गेलं, डोळा गेला, तर त्याचं मोल त्या कायद्याच्या परिशिष्टात टक्केवारीने लिहिलेलं होतं. स्टुडिओत नटीचा डोळा गेला तर त्याला नशीब म्हणायचं. सिनेमातल्या कामगारांसाठी वेगळा कायदा व्हायला १९८१ साल उजाडलं. आणि २०१७ साली केरळमध्ये नेमलेल्या हेमा समितीने मल्याळी चित्रपटसृष्टीतल्या बायकांच्या कामाच्या परिस्थितीवर डिसेंबर २०१९ मध्ये दिलेला अहवाल लोकांपुढे यायला ऑगस्ट २०२४ उजाडला, तोही काही भाग गाळून. तेव्हा ‘जुना काळ होता’ असं म्हणून सुटता येणार नाही.

मास्टर भगवान म्हणजे आपले भगवानदादा. त्यांच्या मनात काही वाईट होतं असं कुणी म्हटलेलं नाही, मीही म्हणत नाही. ते गिरणी कामगाराचे चिरंजीव. ‘अलबेला’चं (१९५१) अफाट यश त्यांनी पाहिलं आणि २००२ साली दादरच्या चाळीत त्यांचा शेवट झाला. ज्यांचा हात लागला आणि ज्यांचा डोळा गेला, त्या दोघांसाठीही या धंद्यात कसली तरतूद नव्हती. माझा प्रश्न त्या थपडेपेक्षा ती थप्पड कथेत कशाला होती, हा आहे. बाईला थोबाडीत मारल्याशिवाय आपल्या सिनेमाची गोष्ट पुढे सरकत नाही, हे तेव्हाही होतं आणि बराच काळ राहिलं.

मग त्या बारीक डोळ्याचं काय केलं गेलं? तो दुष्टपणाची खूण ठरला. कॅमेरा जवळ आणायचा, डोळा बारीक, ओठाचा कोपरा दुमडलेला, की प्रेक्षकाने समजून घ्यायचं: ही बाई वाईट आहे. अपंगत्व आणि दुष्टपणा यांची सांगड आपल्या गोष्टींमध्ये पहिल्यापासून आहे. मंथरेला कुबड आहे, शकुनी लंगडतो. बाबूभाई मिस्त्रींच्या ‘संपूर्ण रामायण’मध्ये (१९६१) ललिताबाई मंथरा झाल्या आणि पंचवीसएक वर्षांनी रामानंद सागर यांच्या मालिकेतही (१९८७-८८) मंथरा त्याच. दुसऱ्या कुणाचा विचारही झाला नसेल.

त्यांच्या भूमिका ओळीने मांडून पाहिल्या तर एक गोष्ट लक्षात येते. १९४४ च्या ‘रामशास्त्री’त त्या आनंदीबाई होत्या. ‘ध’चा ‘मा’ करणारी ती आनंदीबाई. नारायणराव पेशव्यांचा खून झाला ३० ऑगस्ट १७७३ ला. गादी हवी होती रघुनाथरावांना, तलवारी चालवल्या गारद्यांनी, आणि शाळेतल्या प्रत्येक मुलाच्या लक्षात राहिली ती एका अक्षराचा फेरफार करणारी बाई. त्या फेरफाराची कथा इतिहास म्हणून कितपत टिकते हा प्रश्नही कुणी फारसा विचारत नाही. रामायणातही वर दिले दशरथाने, राज्य कुणाला द्यायचं हा निर्णय राजाचा, घरातून बाहेर निघाला मोठा मुलगा. आणि बोल लागला दासीच्या जिभेला. व्ही. शांतारामांच्या ‘दहेज’मध्ये (१९५०) ललिताबाई हुंड्यापायी सुनेचा छळ करणारी सासू आहेत. हुंडा घेऊन ज्याचं लग्न होतं तो मुलगा या गोष्टीत भला, बिचारा, आणि बायको मरेपर्यंत काही करू न शकणारा.

पेशवाई, अयोध्या आणि लखनवी घर. तिन्हीकडे भांडण वारशाचं आणि पैशाचं, म्हणजे पुरुषांच्या मालकीचं. तिन्हीकडे चेहरा बाईचा. पुरुषप्रधान व्यवस्थेला आपला चेहरा लपवायला एक बाई लागते. आपल्या चित्रपटसृष्टीला ती ललिताबाईंमध्ये सापडली आणि कित्येक दशकं तिने त्यांना सोडलं नाही.

आपल्यासारख्या चळवळीतल्या बायकांनी तर एक चित्रपट आवर्जून पाहायला हवा: गुरुदत्त यांचा ‘मिस्टर अँड मिसेस ५५’. कारण यात ललिताबाई सासू नाहीत, त्या आपण आहोत! सीतादेवी नावाची श्रीमंत, बंडखोर बाई. बायकांच्या हक्कांसाठी सभा घेणारी, घटस्फोटाच्या कायद्याची बाजू मांडणारी. साल लक्षात घ्या, १९५५. हिंदू कोड बिलावरून बाबासाहेब आंबेडकरांनी १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा दिला होता. बिलाचे तुकडे करून एकेक कायदा मंजूर होत होता आणि त्यातला हिंदू विवाह कायदा याच वर्षी आला. हिंदू बाईला नको असलेल्या लग्नातून बाहेर पडण्याची वाट देशभर पहिल्यांदा खुली होत होती. नेमक्या त्या वर्षी पडद्यावर घटस्फोट मागणारी बाई कशी दिसली? पुरुषद्वेष्टी, हुकूमशहा, भाचीच्या सुखाच्या आड येणारी. वारसाहक्काचे पैसे मिळावेत म्हणून भाचीचं खोटं लग्न लावून लगेच ते मोडायचा तिचा बेत असतो. भाची म्हणजे मधुबाला. ती नवऱ्याच्या वहिनीचा संसार बघते, चूल आणि मुलं यांत रमलेली वहिनी बघते, आणि तिचे डोळे उघडतात. चित्रपट अतिशय देखणा आहे, विनोद चुरचुरीत आहेत, मी स्वतः खळखळून हसले. म्हणूनच तो जास्त खोलवर जातो. सभेतली रागीट भाषणं लोक विसरतात, गमतीत ऐकलेली गोष्ट विसरत नाहीत. आजही एखादीने नवऱ्याविरुद्ध तक्रार नोंदवली की आजूबाजूचे विचारतात, ‘‘कोणी भरवलं हिला? कोणत्या संघटनेच्या बाया आल्या होत्या?’’ ती भरवणारी बाई म्हणजे सीतादेवीच. मंथरेला खादी नेसवली की सीतादेवी तयार होते.

आता याची दुसरी बाजू. ललिताबाई चांगल्या कुठे आहेत? राज कपूरच्या ‘श्री ४२०’मध्ये (१९५५) फुटपाथवर केळी विकणारी गंगामाई. ‘अनाडी’त (१९५९) खोल्या भाड्याने देणारी मिसेस डिसा. बाहेरून खडूस, आतून लोण्याचा गोळा. भेसळीच्या औषधाने ती मरते तेव्हा खरोखर पोटात तुटतं. या भूमिकेसाठी त्यांना फिल्मफेअर मिळालं. ‘आनंद’मध्ये (१९७१) इस्पितळातली मेट्रन, तीही डिसाच. तिघींमध्ये समान काय? तिघी कमावत्या आहेत. केळी, खोल्या, नोकरी. कुणाच्या घरात त्या सासू म्हणून, आत्या म्हणून बसलेल्या नाहीत, कमरेला किल्ल्यांचा जुडगा नाही. स्वतःच्या पोटापुरतं स्वतः मिळवणारी बाई परक्या पोराला ‘बेटा’ म्हणते आणि ते खरं वाटतं. उलट ‘जंगली’तली (१९६१) खानदानी आई घ्या, ‘सुजाता’तली (१९५९) अस्पृश्य मानलेल्या मुलीला घरात ठेवलं म्हणून नाक मुरडणारी आत्या घ्या, ‘सौ दिन सास के’मधली (१९८०) भवानीदेवी घ्या. यांच्यापैकी कुणीही स्वतः चार पैसे मिळवत नाही. घराण्याची इज्जत, जात आणि तिजोरी राखायचं काम त्यांच्याकडे आहे. याला अपवाद आहेत, ‘दाग’मधली (१९५२) दारुड्या मुलाची सोशिक आई आहेच. पण या नियमाची चाचणी तुम्ही घेऊन पाहा. दिग्दर्शकांनी हे ठरवून केलं असेल असं मला वाटत नाही. त्यांना नकळत दिसलेलं सत्य असावं ते.

आमच्या केंद्रात हेच उलगडत जातं. एम.एस.डब्ल्यू. करताना केस-वर्कच्या तासाला आम्हाला शिकवलं होतं, की खोलीत जो सर्वांत कमी बोलतो त्याच्याकडे लक्ष द्या. संयुक्त बैठकीत सासू आणि सून एकमेकींवर तुटून पडतात. भाजीत मीठ, दुधाचा हिशेब, माहेरी किती दिवस राहिली, पोराला कुणी रडवलं. मधल्या खुर्चीवर नवरा मोबाइल चाळत असतो. ‘‘मी दोघींच्या मध्ये काय बोलणार, मॅडम?’’ मग मी विचारते, घर कोणाच्या नावावर आहे? पगार कोणाच्या हातात देतोस? पहिल्यांदा हात उचलला तो कोणी? सासूबाईंच्या नावावर काय आहे? या शेवटच्या प्रश्नावर बहुतेक वेळा सगळेच गप्प होतात. कारण काहीही नसतं. खोली सासऱ्यांची, आता मुलाच्या नावावर. बँकेत खातं असलंच तर त्यावर पेन्शनपुरते पैसे. तिच्याकडे आहे तो फक्त मुलगा, आणि मुलाच्या संसारात ढवळाढवळ करायचा अधिकार. तोही गेला तर ती त्याच घरात कोपऱ्यातली म्हातारी होते. चाळीस वर्षांपूर्वी हीच बाई दुसऱ्या एका ‘ललिता पवार’खाली रडत होती.

एवढं सांगून सासवांना निर्दोष ठरवायचा माझा इरादा नाही. सुनेला उपाशी ठेवणाऱ्या, चटके देणाऱ्या, मुलाला ‘हिला मार’ म्हणून चिथवणाऱ्या सासवा मी पाहिल्या आहेत. ४९८ अ कलमात नवऱ्याबरोबर त्याचे नातेवाईक आहेत (१ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेचं कलम ८५ झालं), ते असायलाच हवेत. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात प्रतिवादीच्या व्याख्येत ‘प्रौढ पुरुष’ असे शब्द होते. सर्वोच्च न्यायालयाने ते २०१६ मध्ये काढून टाकले, हेही मला पटतं. छळणारी बाई आहे म्हणून छळ कमी होत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. अर्ज लिहायला बसलो की दोन पानं सासूने भरतात आणि नवरा शेवटच्या ओळीत ‘तेही आईचंच ऐकतात’ एवढ्यावर सुटतो. मुलगी तसं सांगते, कारण तिला नवऱ्याकडे परत जायचं असतं, आणि नवरा मुळात चांगला आहे असं मानल्याशिवाय परत जाता येत नाही. सिनेमाने तिला ही सोय करून दिलेली आहे. शेवटच्या रिळात ललिता पवार पश्चात्ताप पावते, पदर डोळ्यांना लावते, आणि संसार सुखाचा होतो. घर कोणाच्या नावावर हा प्रश्न तिथे येत नाही.

नटी म्हणून त्यांच्या वाट्याला काय आलं तेही बघायला हवं. सातशेच्या वर चित्रपट त्यांच्या नावावर सांगितले जातात. ‘दाग’मध्ये त्या दिलीपकुमारची आई झाल्या तेव्हा त्यांचं वय छत्तीस आणि मुलाचं तीस. आपल्याला हसू येतं, पण पुढे काय बदललं? ‘अग्निपथ’मध्ये (१९९०) अमिताभ बच्चनची आई झालेल्या रोहिणी हट्टंगडी त्यांच्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी लहान आहेत. रीमा लागूंचा जन्म १९५८ चा, ‘वास्तव’मधला (१९९९) त्यांचा मुलगा संजय दत्त १९५९ चा. नायक पन्नाशीतही कॉलेजात जातो, त्याच्या वयाची बाई त्याची आई होते. आणि आई होऊन झाली की पुढची पायरी खाष्ट सासूची. रीमाताई १८ मे २०१७ रोजी अठ्ठावन्नाव्या वर्षी गेल्या. त्या वेळी ‘नामकरण’ मालिकेत त्या कारस्थानी आजीचं काम करत होत्या. टीव्हीने चरित्र अभिनेत्रींना रोजचं काम दिलं, घर चालवायला पैसे दिले, हे मान्य करायला हवं. ‘चार दिवस सासूचे’ २००१ पासून २०१३ पर्यंत चालली. पण काम मिळालं ते याच साच्यात. मुद्दाम लावलेल्या ढणढण संगीतात डोळे बारीक करणारी, तीन वेळा मान वळवणारी प्रौढ बाई. त्या सगळ्यांचे डोळे धडधाकट आहेत; ललिताबाईंना अपघाताने मिळालेली नजर या बायकांना ठरवून करावी लागते.

मला त्यांची सगळ्यात अस्वस्थ करणारी भूमिका कोणती वाटते, म्हणाल तर ‘प्रोफेसर’मधली (१९६२). नाव पुन्हा सीतादेवीच. दार्जिलिंगमध्ये भाचरांना धाकात ठेवणारी कडक पालक. भाच्यांना शिकवायला पन्नाशी उलटलेलाच शिक्षक हवा ही तिची अट, म्हणून शम्मी कपूर दाढी लावून म्हातारा होतो आणि ही बाई त्या खोट्या म्हाताऱ्याच्या प्रेमात पडते. जन्मभर दुसऱ्यांची मुलं राखलेली बाई हळूहळू आरशापुढे रेंगाळू लागते, लाजते, आवाज मऊ होतो. प्रेक्षकांनी हसायचं, अशी योजना आहे. आमच्या वस्तीतल्या महिला मंडळात मी तो लावला तेव्हा सुरुवातीला सगळ्या हसल्या. नंतर नंतर पन्नाशीच्या बायकांच्या रांगेतून हसणं येईना. ललिताबाईंनी ते काम थट्टेत केलेलंच नाही. त्या खरोखरच प्रेमात पडलेल्या दिसतात, डाव्या डोळ्यासकट.

२०१९ मध्ये मराठीत ‘अग्गंबाई सासूबाई’ ही मालिका आली. तिच्यात सूनच विधवा सासूचं दुसरं लग्न जुळवते. निवेदिता सराफांची ती सासू लोकांनी रोज रात्री घरी बसून पाहिली. आमच्या मंडळातल्या बायका त्या दिवसांत बैठक साडेसातलाच आटपायची घाई करत. ‘प्रोफेसर’ आम्ही त्यानंतर पाहिला होता. चित्रपट संपल्यावर साठीच्या एक आजी म्हणाल्या, ‘‘हिचं लग्न का नाही लावलं शेवटी?’’ शम्मी कपूरचं लागलं की, असं कुणीतरी म्हणालं. त्यावर त्या म्हणाल्या, ‘‘त्याचं नाही विचारलं मी.’’